नेमलेला शब्द आणि मोकळा शब्द : मराठी ख्रिस्ती मंडळीतील क्रमबद्ध सामूहिक प्रार्थनेची चिकित्सा

सारांश

ख्रिस्ती मंडळीतील सामूहिक प्रार्थनेचा विचार करताना ‘नेमलेली प्रार्थना यांत्रिक असते आणि उत्स्फूर्त प्रार्थना मनापासूनची असते’ असा एक सरधोपट भेद केला जातो. प्रस्तुत लेखात या भेदाची चिकित्सा केली आहे. प्रार्थनेच्या रचनेचे मूल्यमापन तिच्या उगमावरून न करता, त्या रचनेत कोणाला बोलता येते, कोणाला ऐकू येते आणि कोणाला जाणीवपूर्वक ‘आमेन’ म्हणता येते या निकषावर करावे, असे प्रतिपादन येथे केले आहे. त्यासाठी पुस्तकबद्ध उपासनाक्रम, मिशनकालीन मुक्त प्रार्थना, केडगाव येथील १९०५ ची प्रार्थनाचळवळ, रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनपरंपरा आणि द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतरची कॅथलिक उपासना यांचा परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : सामूहिक प्रार्थना, उपासनाक्रम, प्रतिसाद, मंडळी, भजन, आमेन.

प्रस्तावना

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती समाजाची संख्या सुमारे १०.८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी होती. संख्येने लहान असलेल्या या समाजाने मराठी वाङ्मयाला दिलेले योगदान मात्र लहान नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेले सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’, १८४२ मध्ये सुरू झालेले ‘ज्ञानोदय’, टिळकांची कविता आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ यांची दखल मराठी समीक्षेने वेळोवेळी घेतली आहे. परंतु ही दखल मुख्यतः छापील ग्रंथाची आहे. जे शब्द मंडळी दर रविवारी एकत्र उभी राहून उच्चारते, ज्यांना लेखकाचे नाव क्वचितच असते आणि जे वाचले जाण्यापेक्षा म्हटले जाण्यासाठीच रचलेले असतात, त्या प्रार्थनावाङ्मयाचा विचार समीक्षेच्या परिघाबाहेरच राहिलेला दिसतो.

याचे एक कारण असे की, प्रार्थना ही खाजगी भावनेची बाब मानली जाते. भावना खरी असेल तर तिला रचनेची गरज नाही आणि रचना आली की भावना आटते, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक एकट्याच्या प्रार्थनेपुरते काही अंशी खरे मानता येईल. परंतु शंभर माणसे एकत्र जमून प्रार्थना करतात तेव्हा रचना असावी की नसावी हा प्रश्नच उरत नाही. ती असतेच. कोणती रचना आहे आणि ती कोणाच्या सोयीची आहे, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

शास्त्राधार आणि निकष

नव्या करारात दोन्ही प्रवृत्तींना आधार सापडतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू निरर्थक शब्दबाहुल्याविरुद्ध इशारा देतो आणि लगेच पुढे स्वतःच एक नेमकी प्रार्थना शिकवतो. लूकच्या अकराव्या अध्यायात तर शिष्यच प्रार्थना शिकवण्याची विनंती करतात. या प्रार्थनेतील सर्वनामे आरंभापासून अनेकवचनी आहेत, ही बाब लक्षणीय आहे. एकट्याने म्हटली तरी ती सर्वांच्या वतीने म्हणावी लागते. ‘डिडाखे’ या आरंभकालीन ख्रिस्ती ग्रंथात हीच प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणण्याची सूचना आहे. म्हणजे नियमित वेळ आणि नियत शब्द या दोन्ही गोष्टी नंतरच्या पुरोहितवर्गाने लादलेल्या नसून मंडळीच्या अगदी प्रारंभिक जीवनात आढळतात.

अधिक महत्त्वाचा निकष पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात मिळतो. प्रार्थना करणाऱ्याचे शब्द कळले नाहीत तर साध्या, अनभिज्ञ माणसाने तिला आमेन कसे म्हणावे, असा प्रश्न पौल तेथे उपस्थित करतो. ‘आमेन’ म्हणजे संमती. ती देण्यासाठी प्रार्थना ऐकू यावी लागते, कळावी लागते आणि तीत आपलाही भाग आहे असे वाटावे लागते. पौलाने येथे प्रार्थनेची कसोटी बोलणाऱ्याच्या उत्कटतेत न शोधता मागच्या रांगेतील माणसाच्या संमतीत शोधली आहे. प्रस्तुत विवेचनासाठी हाच निकष स्वीकारला आहे.

पुस्तकबद्ध उपासनाक्रम

इंग्लंडमध्ये टॉमस क्रॅन्मर यांच्या पुढाकाराने १५४९ मध्ये सामान्य प्रार्थनेचे पुस्तक तयार झाले. १५५२ मध्ये त्यात फेरफार झाले आणि १६६२ ची आवृत्ती पुढे दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. अँग्लिकन मिशनऱ्यांबरोबर हा क्रम भारतात आला आणि एकोणिसाव्या शतकात मराठीत उतरला. या पुस्तकाच्या नावातील ‘सामान्य’ हा शब्द ‘सर्वांची’ या अर्थाने घ्यावयाचा आहे. लॅटिन पूजाविधीत केवळ पाहणारी मंडळी येथे बोलणारी मंडळी व्हावी, हा त्यामागील हेतू होता.

या क्रमाची बांधणी पाहण्यासारखी आहे. प्रथम पापांगीकार येतो. तो सर्वांनी एकत्र, एकाच दमात म्हणावयाचा असतो. पाळकही त्यात सामील असल्यामुळे कबुलीपुरता तरी तो मंडळीपेक्षा वरचा राहत नाही. त्यानंतर स्तोत्राची चरणे एकाआड एक म्हटली जातात. शास्त्रपाठ होतो. विश्वासांगीकार पुन्हा सर्वांनी मिळून म्हणावयाचा असतो. मध्यस्थीच्या प्रार्थनेत पाळक एकेक विनंती उच्चारतो आणि मंडळी ठरलेल्या प्रतिसादाने ती आपलीशी करते. राजा, न्यायाधीश, आजारी, प्रवासी, विधवा, अनाथ, बंदिवान अशी यादी पुढे सरकते. ज्या आठवड्यात कोणालाही बंदिवानाची आठवण झालेली नसते, त्या आठवड्यातही त्याच्यासाठी प्रार्थना होते. नियत क्रमाचे खरे बळ येथे आहे. मंडळीच्या विस्मरणावर आणि आवडीनिवडीवर तो अंकुश ठेवतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात या रचनेला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि जालना परिसरातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत महार व मांग समाजांतून आलेल्या कुटुंबांचे प्रमाण मोठे होते. ज्या समाजांना पवित्र शब्दांच्या उच्चाराचाच नव्हे तर श्रवणाचाही अधिकार नाकारला गेला होता, त्या समाजातील स्त्रीपुरुषांनी देवघरात मोठ्याने, सर्वांबरोबर आणि सर्वांइतक्याच अधिकाराने शब्द उच्चारणे ही केवळ धार्मिक कृती नव्हती. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लक्षावधींनी त्रिशरण आणि पंचशील एका आवाजात उच्चारले. दोन्ही धर्मांची तत्त्वे भिन्न आहेत, त्यांची सरमिसळ करण्याचे कारण नाही. तथापि नियत शब्दांचा सामूहिक उच्चार हा दास्याची खूण असण्याऐवजी अधिकाराची खूण होऊ शकतो, हे या दोन्ही उदाहरणांतून स्पष्ट होते.

या क्रमाची मर्यादाही तितकीच ठळक आहे. पुस्तक हाती धरून प्रार्थना करावयाची तर अक्षरओळख हवी. शिवाय भाषांतरित वाक्यरचना अनेकदा मराठीच्या वळणाची नव्हती. क्रियापद येईपर्यंत दम संपावा अशी लांब वाक्ये म्हणताना अर्थापेक्षा पाठांतराला महत्त्व येते. अशा वेळी मंडळी आमेन म्हणते, पण कशाला म्हणते हे तिला सांगता येईलच असे नाही.

मुक्त प्रार्थना आणि तिचा अदृश्य क्रम

महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मिशनकार्यात १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मराठी मिशन आरंभीच्या मिशनांपैकी होते. त्याची परंपरा काँग्रिगेशनल होती. स्कॉटिश मिशन प्रेसबिटेरियन परंपरेचे होते. या परंपरांना पुस्तकी प्रार्थनेचे वावडे होते. १६४५ मध्ये इंग्लंडच्या संसदेने मान्य केलेल्या वेस्टमिन्स्टर निर्देशिकेने प्रार्थनेचे शब्द देण्याचे टाळून केवळ विषय आणि क्रम दिला होता. शब्द पाळकाने त्या त्या वेळी योजावेत, अशी अपेक्षा होती.

सिद्धान्त म्हणून ही भूमिका आदरणीय आहे. दुष्काळ पडला, गावात पटकी आली, कोणाचे मूल दगावले, तर त्या दुःखाला त्या दिवसाचे शब्द मिळावेत, ही तिची मागणी रास्तच आहे. प्रत्यक्षात मात्र या पद्धतीत एकच व्यक्ती बोलते आणि इतर सर्व ऐकतात. प्रार्थना पाळक करतो. तो नसल्यास एखादा वडील किंवा मास्तर करतो. मोकळ्या प्रार्थनेसाठी भाषेवर पकड, शास्त्रवचनांची स्मृती आणि सभाधीटपणा या तीन गोष्टी लागतात. त्या ज्यांच्याजवळ असतात त्यांनाच ‘प्रार्थनेचे दान’ असल्याचे मानले जाते. ज्या बाईने दिवसभर शेतात काम केले आहे आणि जिला चार लोकांत बोलण्याची सवय नाही, तिचा वाटा शेवटच्या आमेनपुरता उरतो.

शिवाय मुक्त म्हटली जाणारी प्रार्थना खरोखर मुक्त असते काय, हेही तपासावे लागते. एकाच पाळकाच्या प्रार्थना काही आठवडे लक्षपूर्वक ऐकल्यास संबोधने, जोडवाक्ये, वचनांची निवड आणि समारोप यांत ठरावीक साचा जाणवू लागतो. पुस्तकातील साचा छापलेला असतो, म्हणून त्यावर चर्चा होऊ शकते, दुरुस्ती होऊ शकते. पाळकाच्या मनातील साचा अदृश्य असतो. त्याला हरकत घेणे म्हणजे पाळकाच्या भक्तीलाच हरकत घेणे ठरते. या अर्थाने पाहता छापील क्रम अधिक लोकशाहीवादी ठरतो, हा निष्कर्ष वरवर विपरीत वाटला तरी टाळता येत नाही.

केडगाव, १९०५

मुक्त आणि क्रमबद्ध या दोन प्रवृत्तींचे नाते समजून घेण्यासाठी पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत रमाबाईंनी आश्रय दिलेल्या मुली व स्त्रिया तेथे मोठ्या संख्येने राहत होत्या. १९०४ मध्ये वेल्समध्ये झालेल्या धर्मजागृतीच्या वार्ता सर्वत्र पोहोचत होत्या. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी दररोज एकत्र येऊन प्रार्थना करण्याचे आवाहन केले. आरंभी सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या साडेपाचशेच्या घरात गेली, अशी नोंद मिळते. जूनच्या अखेरीस शेकडो मुली एकाच वेळी, मोठ्याने, आपापल्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या. त्या चळवळीत सहभागी असलेल्या अमेरिकन मिशनरी मिनी एब्रॅम्स यांनी १९०६ मध्ये लिहिलेल्या पुस्तिकेमुळे या घटनेची वार्ता परदेशांतही पोहोचली.

या घटनेचे वर्णन सामान्यतः आकस्मिक उद्रेक म्हणून केले जाते. त्यापूर्वीच्या सहा महिन्यांकडे दुर्लक्ष होते. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, नावे दिलेला गट आणि दिवसातून दोनदा न चुकता जमणे, ही त्या उद्रेकाची पूर्वतयारी होती. संस्थेच्या इंग्रजी नियतकालिकाचे नाव ‘मुक्ती प्रेअर-बेल’ असे होते. त्या नावातच घंटा आहे, म्हणजेच वेळापत्रक आहे. सर्वांत मोकळी प्रार्थना सर्वांत काटेकोर दिनक्रमाच्या पोटी जन्माला आली, ही वस्तुस्थिती दोन्ही पक्षांना विचार करावयास लावणारी आहे.

एकसमयी प्रार्थनेने एक मोठे काम केले. ज्यांना घरात किंवा समाजात आवाज नव्हता अशा बालविधवांना आणि अनाथ मुलींना कोणाच्याही परवानगीशिवाय बोलता आले. पाळकाची मध्यस्थी उरली नाही. तरीही पौलाच्या निकषावर ही रचना अपुरी पडते. सर्व जणी एकदम बोलत असताना कोणीच कोणाचे ऐकू शकत नाही. प्रत्येकीचे आमेन तिच्या स्वतःच्याच प्रार्थनेला असते. शेजारणीच्या दुःखाला संमती देण्याचा क्षण या रचनेत येत नाही. म्हणून ती समूहात केलेली प्रार्थना होते, पूर्ण अर्थाने समूहाची प्रार्थना होत नाही. अर्थात ज्यांना पूर्वी स्वतःचा आवाजच नव्हता, त्यांच्यासाठी आधी आवाज आणि मग संवाद हा क्रम स्वाभाविक होता, हेही मान्य करावयास हवे.

टिळकांचा मार्ग : गेय प्रार्थना

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्या काळी मंडळीत म्हटली जाणारी बरीचशी गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि चालीही परकीय होत्या. कीर्तन व भजन यांचा ख्रिस्ती उपासनेत वापर करण्याचे प्रयत्न अहमदनगर परिसरात टिळकांपूर्वीच सुरू झाले होते. टिळकांनी त्यांना काव्याची प्रतिष्ठा दिली. त्यांची अनेक पदे ‘उपासना संगीत’ या संग्रहातून आजही प्रॉटेस्टंट मंडळ्यांत गायली जातात.

टिळकांच्या भजनांकडे भावकविता म्हणून पाहताना त्यांची सामूहिक रचना नजरेआड होते. अभंगाचा चरण लहान असतो. ध्रुपद परत परत येते. एकाने चरण म्हणावा आणि इतरांनी झेलावा ही पद्धत वारकरी परंपरेने शतकानुशतके रुजवलेली आहे. संध्याकाळी देवळात हरिपाठ म्हणणाऱ्या मंडळींच्या हाती पोथी असावीच लागत नाही. शब्द कानातून कंठात गेलेले असतात. हीच युक्ती ख्रिस्ती मंडळीत आल्यामुळे अक्षरओळखीची अट गळून पडली. शब्द नेमलेले राहिले, परंतु पुस्तकाची मक्तेदारी संपली. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजानेही साप्ताहिक उपासनेत तुकारामांच्या अभंगांना स्थान दिले होते. नव्या उपासनेला जुन्या कंठस्थ परंपरेचा आधार लागतो, ही जाणीव दोन्हीकडे दिसते.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त जीवन स्वीकारले आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ ही कल्पना प्रत्यक्षात आणण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. अशा मिश्र समूहाला एकत्र आणू शकणारी गोष्ट मतांगीकारापेक्षा भजनच असू शकत होती. पण येथेच गेय प्रार्थनेची मर्यादाही दिसते. भजन स्तुती, शरणागती आणि विरह यांना उत्तम वाट देते. शेजारच्या वस्तीत पाणी नाही, अमुक कुटुंबाचे पीक गेले, अशी नेमकी मध्यस्थी त्यात बसत नाही. गोडव्यामुळे मंडळी एकत्र येते आणि कधीकधी त्या गोडव्यातच थांबते.

कॅथलिक परंपरा : लदीन ते विश्वासूंची प्रार्थना

गोव्यात घरी किंवा रस्त्यावरील क्रुसापुढे ‘लदीन’ म्हणण्याची प्रथा आहे. मरियेची लॅटिन लितानी व्हायोलिनच्या साथीने गायली जाते, शेजारीपाजारी प्रत्येक संबोधनाला ठरलेला प्रतिसाद देतात आणि शेवटी उकडलेले चणे वाटले जातात. अर्थबोधाच्या निकषावर ही प्रार्थना उणी ठरेल, कारण लॅटिन कळणारे त्यांत थोडेच. तरीही आळीतील सर्वांना सामावून घेण्याची तिची शक्ती वादातीत आहे. केवळ अर्थाचा निकष लावल्यास या शक्तीवर अन्याय होतो आणि केवळ सहभागाचा निकष लावल्यास पौलाचा प्रश्न अनुत्तरित राहतो.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी जाहीर केलेल्या उपासनाविषयक संविधानाने या दोन निकषांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. श्रद्धावंतांचा संपूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभाग हे उद्दिष्ट मानले गेले, लोकभाषांना वाव मिळाला आणि लुप्तप्राय झालेली ‘विश्वासूंची प्रार्थना’ पुन्हा प्रस्थापित करण्यात आली. वसईच्या धर्मग्रामांतून मराठी मिस्सा सुरू झाली ती या बदलाचा परिणाम म्हणून. विश्वासूंच्या प्रार्थनेची चौकट ठरलेली आहे. धर्मसभा, राज्यकर्ते, पीडित आणि स्थानिक समुदाय या क्रमाने विनंत्या येतात आणि प्रतिसाद समान असतो. परंतु त्या चौकटीतील मजकूर त्या त्या धर्मग्रामाने लिहावयाचा असतो. नेमलेला शब्द आणि मोकळा शब्द यांचा इतका सुटसुटीत समन्वय अन्यत्र क्वचितच आढळतो. अनेक ठिकाणी मात्र या विनंत्याही छापील पुस्तिकेतून जशाच्या तशा वाचल्या जातात आणि दिलेले स्वातंत्र्य न वापरताच परत केले जाते.

आजचा प्रश्न

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारत मंडळीची स्थापना झाली. तीत अँग्लिकन, प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल वारसा असलेली संयुक्त मंडळी, तसेच बॅप्टिस्ट, ब्रदरेन, मेथडिस्ट आणि डिसायपल्स परंपरा एकत्र आल्या. पुस्तक मानणारे आणि न मानणारे एका छताखाली आले. या ऐक्यात उपासनेच्या विविध पद्धतींना वाव ठेवण्यात आला. ही उदारता आवश्यक होती, परंतु तिच्यामुळे मूळ प्रश्न सुटला नाही. तो प्रत्येक स्थानिक मंडळीकडे सोपवला गेला.

आज अनेक मंडळ्यांत ज्येष्ठांना उपासनाक्रम मुखोद्गत असतो आणि तरुण मुक्त स्तुतिसभांकडे वळलेले असतात. ज्येष्ठ तरुणांवर उथळपणाचा आणि तरुण ज्येष्ठांवर कोरडेपणाचा आरोप करतात. वरील विवेचनाच्या प्रकाशात हा वाद चुकीच्या जागी घातला जात आहे असे म्हणावे लागते. ध्वनिवर्धक हाती घेतलेल्या एकाच गायकामागे शेकडो जणांनी डोलणे आणि एकाच पाळकाची लांब प्रार्थना शेकडो जणांनी मुकाट ऐकणे, यांत रचनेच्या दृष्टीने फारसा फरक नाही. दोन्ही ठिकाणी बोलण्याचा अधिकार एकवटलेला आहे. उलट छोट्या घरगुती प्रार्थनासभेत प्रत्येकाने एकेक विनंती मांडावी, इतरांनी ती ऐकून समान प्रतिसाद द्यावा आणि शेवटी सर्वांनी प्रभूची प्रार्थना म्हणावी, ही साधी पद्धत वर पाहिलेल्या सर्व परंपरांतील बलस्थाने एकत्र आणते. न बोलणाऱ्यालाही तीत ठरलेल्या प्रतिसादाचा आधार मिळतो.

निष्कर्ष

१. सामूहिक प्रार्थनेत रचनाविरहित अवस्था संभवत नाही. मुक्त प्रार्थनेची रचना केवळ अलिखित असते.

२. नियत शब्द सहभागाला मारक ठरतातच असे नाही. पवित्र शब्दांपासून वंचित ठेवलेल्या समाजाच्या संदर्भात त्यांचा सामूहिक उच्चार समतेचा अनुभव देतो.

३. केडगावच्या उदाहरणावरून उत्स्फूर्तता ही शिस्तीची विरोधक नसून अनेकदा तिचे फळ असते, असे दिसते.

४. टिळकांच्या भजनांनी नेमलेल्या शब्दाला पुस्तकातून कंठात आणले. त्यांचे हे कार्य काव्यगुणांइतकेच महत्त्वाचे आहे आणि मराठी समीक्षेने त्याची स्वतंत्र दखल घेणे आवश्यक आहे.

५. ठरलेली चौकट, स्थानिक मजकूर आणि समान प्रतिसाद हा घाट पौलाने मांडलेल्या निकषाच्या सर्वाधिक जवळ जातो.

प्रार्थनेची भाषा सुंदर असावी, हे खरे. परंतु मंडळीच्या प्रार्थनेचा कस तिच्या सौंदर्याने लागत नाही. दाराजवळ बसलेल्या, पुस्तक न वाचता येणाऱ्या, सभेत कधी तोंड न उघडलेल्या बाईने आमेन म्हटले आणि ते कशासाठी म्हटले हे तिला ठाऊक असले, तर ती प्रार्थना समूहाची झाली. तसे झाले नाही, तर ती पुस्तकातली असो की मनातली, ती एकट्याचीच राहिली.